शेवटून दुसरा प्रश्न

"हा शेवटून दुसरा प्रश्न उडवा," डॉक्टर लेनिरा म्हणाल्या आणि त्यांनी कागदावर लाल रेघ ओढायला पेन उचललंसुद्धा.

"का म्हणून?" जुरेमा उभ्या उभ्याच म्हणाली. बस असं तिला कुणी म्हटलं नव्हतं.

"कारण आपल्या बायका असलं बोलत नाहीत. कॅनडातल्या बोलत असतील. 'मळमळीमुळे हे गरोदरपणच नकोसं वाटलं का?' इथं ब्राझीलमध्ये, पेर्नाम्बुकूच्या उसाच्या पट्ट्यात कोण हो म्हणेल याला? सगळ्याजणींनी 'कधीच नाही' म्हटलंय. तूच विचारलंस, तूच लिहून आणलंस. आता माझ्याशी कसली भांडतेस?"

हे मात्र खरं होतं. गरोदरपणातल्या ओकाऱ्यांनी बाईच्या जगण्याची काय दशा होते ते मोजणारी ती इंग्रजी प्रश्नावली पोर्तुगीजमध्ये आणायचं काम वर्षभर चाललं होतं. दोघांनी भाषांतर केलं, तिसरीनं ते उलटं इंग्रजीत नेऊन ताडून पाहिलं. आता गरोदर बायकांना एकेक प्रश्न विचारायचा आणि त्यांना तो काय कळला, ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं, एवढं उरलं होतं. जुरेमा दवाखान्यातली जुनी नर्स, म्हणून ते तिच्याकडे आलं. पुढे या उत्तरांना मिळणाऱ्या गुणांवरच ठरणार होतं, कुणाला सलाईन आणि खाट मिळेल आणि कुणाला 'कोरडी बिस्किटं खा, लिंबू हुंग' म्हणून घरी धाडतील.

"म्हटलं खरं त्यांनी," जुरेमा म्हणाली, "पण सासूच्या मांडीला मांडी लावून."

"काय?"

"प्रत्येकीसोबत घरचं कुणी होतंच. सासू, नाहीतर नवरा. दुसरी खुर्ची मीच मांडायची, कॉफीही मीच द्यायची. आपल्याकडे आल्यागेल्याला बाहेर उभं ठेवतं का कुणी?"

डॉक्टर हसल्या, पण त्यात गोडवा कुठला! "म्हणजे सगळा खेळ तूच नासवलास. शाब्बास! बाहेर एक बसलीय ना? जा, घे तिचं. तीही 'कधीच नाही' म्हणाली, की मी रेघ मारणार. वर तुझं नाव कळवणार."

बाहेर जासियारा बसली होती. वीस-एकवीसची पोर, गालफडं बसलेली, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. शेजारी सासू, दोना क्लोतिल्दे, मनगटाला जपमाळ गुंडाळून.

"चल गं पोरी आत," जुरेमा म्हणाली.

दोघीही उठल्या. आत सासू खुर्चीत ऐसपैस टेकली. "काय विचारायचं ते पटकन विचार बाई. हिची नाटकं बघायला मला वेळ नाही. सकाळी मक्याचं कुसकुस केलं, तर वासानंच पळाली मोरीकडे! मी ओकत ओकत ऊस तोडलाय. तीन पोरं पोटात असताना!"

"दोना क्लोतिल्दे, तुम्ही जरा बाहेर थांबता?"

"मी?" म्हातारीचा आवाज चढला. "कायदा आहे, बाई! गरोदर बाईजवळ घरचं माणूस बसू द्यायचा कायदा आहे! भिंतीवर तुम्हीच चिकटवलाय!"

"आहे ना. पण ज्या माणसाला ती म्हणेल, त्याला." जुरेमानं पोरीकडे पाहिलं. "जासियारा, या तुला इथं हव्यात?"

पोरीनं जमिनीकडे पाहिलं. पिशवीचा कान पिळला. आणि मान हलवली. नको.

खोलीत वीज पडल्यासारखं झालं. "माझ्या घरचं खाऊन मलाच बाहेर काढतेस? ये घरी. ये तू!" दार असं आपटलं, की भिंतीवरचा कायदाच खाली आला. आणि दाराला तोंड लावून दोना क्लोतिल्देनं मारियामातेचा जप सुरू केला, असा खणखणीत, की प्रत्येक शब्द सुनेच्या पाठीत बसावा.

जुरेमानं प्रश्न वाचला. जासियारा जप ऐकत राहिली. मग ओठातल्या ओठात म्हणाली, "कधीच नाही."

जुरेमाचं पेन थांबलं. हेच लिहून दिलं की संपलं. वाद मिटला, प्रश्नही मिटला. आणि ही पोर लिंबू हुंगत घरी.

"कुणाला भितेस गं? त्यांना?"

"देव ऐकतोय."

जुरेमा दर रविवारी प्रार्थनेला पहिल्या बाकावर बसणारी. तिला देवाच्या नावानं घाबरवलेली माणसं पाहवत नसत. तिनं खुर्ची पुढे ओढली. "अगं वेडे, त्याला ते आधीच ठाऊक आहे. तू नाही सांगितलंस म्हणून तो फसणार आहे का? ठाऊक नाहीये ते डॉक्टरीणबाईंना. त्यांना मी कसं सांगू?"

बाहेर जप चालूच होता. पोरीच्या डोळ्यांतून पाणी सुटलं.

"सकाळी डोळे उघडायच्या आधी मी म्हणते, आज हे पोट नसतं तर! रोज म्हणते. आणि मग त्याच पोटावर हात ठेवून त्याची माफी मागते. लिहा. रोज, असं लिहा."

जुरेमानं तिच्याच शब्दांत लिहून घेतलं आणि कागद नेऊन डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला. परत वाचला. पेनाचं टोपण लावलं.

"एकीवर काही ठरत नाही," त्या करवादल्या. "सगळ्यांना परत बोलव. एकेकटीला. तुझ्या सुट्टीच्या दिवशी, मी एक दिवस जास्तीचा देणार नाही. आणि कॉफीबिफी बंद!"

"आणि ही पोर?"

"खाट रिकामी आहे ना? मग माझं तोंड काय बघतेस? सलाईन लाव!"

सलाईन लावून जुरेमा बाहेर आली, तेव्हा दोना क्लोतिल्दे वाट अडवून उभी होती. "काय सांगितलं तिनं?"

"ते ती सांगेल. तिला वाटलं तर."

"मला कळलंय तुम्ही काय विचारता ते. मला त्या वेळी असलं कुणी विचारलं असतं ना, तर मी तोंड फोडलं असतं त्याचं!" म्हातारी जपमाळ पुन्हा मनगटाला गुंडाळू लागली. "पण कोण विचारतंय."

जुरेमा तिच्यासाठी खुर्ची घेऊन आली. म्हातारीनं पायानं ती दूर ढकलली आणि सुनेच्या खोलीच्या दाराबाहेर जमिनीवरच बसली, घरी न जाता.