तळ्याखालचा आवाज

मुकुटबनजवळच्या तळ्यात शेतकरी कपाशीवरच्या फवारणीचे पंप धुवायचे. ऑगस्टमध्ये मासे मरून वर आले. तळ्यात पंप धुणं बंद करा, असा अर्ज मासेमार घनश्याम नान्हे यांनी तहसिलीत दिला. तपासणीला यवतमाळहून मत्स्य विभागाच्या आभा मॅडम आल्या. त्यांनी पाण्याखालचा आवाज टिपणारा माइक तळ्यात सोडला.

घनश्याम बांबूचं एक टोक पाण्यात बुडवून दुसरं कानाला लावत आणि आवाजावरून मासा सांगत. मॅडमनी त्यांच्या कानाला हेडफोन लावला.

“गुडगुड येते ना, काका? म्हणजे मासे आहेत.”

“शिंगाळा मासा दात खाल्ल्यावानी करकरते, मॅडम. हा आवाज माशाचा नोहे. मेलेले तळाशी सडून राह्यले, त्याचे बुडबुडे होत हे.”

“यंत्राला तुमच्यापेक्षा कमी ऐकू येतं का?”

“ऐकू येते जी. ओळखू येत नाही.”

अहवालात लिहिलं गेलं : ‘तळ्यात माशांचे आवाज आढळले. स्थानिक मासेमार घ. नान्हे यांनी ते ऐकून ओळखले.’ अर्ज निकाली निघाला.

दुसऱ्या सकाळी काठावर सहा पंप धुतले जात होते. घनश्यामनी बांबू पाण्यात घातलाच नाही.