जिनाच्या जागेचा रंग

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि असं समजा, की तुम्ही खूप उंच झाडाच्या शेंड्यावर बसला आहात. खाली तुमचं गाव दिसतं आहे. कौलं, बाजार, शाळा, नाला, सगळं तळहाताएवढं. आता प्रत्येक जागेत एक रंग भरा. भरला? मग तुम्ही मला पाहिलंत. मी एका लहानशा शहराचा जुना नकाशा आहे.

अकोल्याच्या एका खोलीत जगदेव नावाच्या कारागिरानं मला कापडावर डकवलेल्या जाड कागदावर काढलं. वाकून वाकून त्याची पाठ धरायची, पण एकही रेघ त्यानं अंदाजानं मारली नाही. रिसोडच्या रस्त्याला लागून कापसाचं एक जिन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना होता. त्या जागेला त्यानं जांभळा रंग दिला. जांभळा म्हणजे कारखान्याची जागा.

पुढं मी नगरपालिकेच्या भिंतीवर आलो. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. लोक यायचे, माझ्यावर बोट ठेवून आपलं घर शोधायचे. मग एक लोखंडी कपाट आलं आणि माझा खालचा कोपरा त्याच्यामागे दडला. त्या कोपऱ्यातच कोणता रंग कशाचा, हे लिहिलेलं होतं. कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. मला मात्र तेव्हापासून चुकल्यासारखं वाटायचं.

१९७६ साली नगररचनेचे एक साहेब आले. त्यांनी जिनाची जांभळी जागा ओल्या बोळ्यानं पुसली आणि तिथं निळा रंग भरला. बाहेर फळ्यावर सूचना लागली, की जागेच्या वापरात बदल होणार आहे, हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी द्यावी.

जिनात चाळीस बाया कामाला होत्या. सरकी काढायच्या यंत्रावर त्या कापूस टाकायच्या. बहुतेक नाल्याकाठच्या बौद्ध वस्तीतल्या. पुराचं पाणी दरवर्षी घरात शिरायचं, म्हणून वस्तीनं घरांसाठी उंचावरची जागा कितीदा तरी मागितली होती. वस्तीतले वडीलधारे जानराव एक दिवस कचेरीत आले. माझ्यासमोर उभे राहून त्यांनी निळा तुकडा पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांच्या विहाराचा रंग निळा, झेंडा निळा.

"बाबूजी, हे निळं आमचं का?" त्यांनी कारकुनाला विचारलं.

कारकून गोविंदसिंग यांनी मान वर केली नाही. "निळं झालं, एवढं खरं."

तेवढं त्यांना पुरे झालं. जिनाच्या उंचावरच्या आवारात घरंही मिळणार आणि काम दारात, असं वस्तीनं धरलं. आठ दिवसांत 'आमची हरकत नाही' असा कागद आला. त्यावर चाळीस अंगठे होते. मी सगळं पाहत होतो, पण भिंतीवरच्या कागदाला तोंड कुठं असतं?

तिसाव्या दिवशी दुपारी जिनातली मजूर भागिरथा आपल्या मुलीला, वच्छलाला, घेऊन आली. सोबत जानरावही होते. घरं कधी मोजून देणार, हे त्यांना विचारायचं होतं. वच्छला पाचवीत शिकत होती. मोठी माणसं बोलत असताना ती मला निरखत कपाटाच्या फटीत शिरली. तिनं माझा दबलेला कोपरा बाहेर ओढला, धूळ फुंकली आणि बोट ठेवून वाचू लागली.

"माय, राह्यच्या घराले पिवळा लेहेला हाय. जांभळा कारखान्याचा. अन् निळा…" ती थांबली. "निळा व्यापाराचा. दुकानाचा."

"काही बी वाचून राह्यली," जानराव म्हणाले. "पाचवीतली पोर आता आमाले शिकोते."

"आबा, मंग तुमीच वाचा," वच्छला म्हणाली.

जानरावांना वाचता येत नव्हतं. 

भागिरथा गोविंदसिंगांकडे वळली. "बाबूजी, पोर खरं सांगते का? दुकानं झाली तं जिन कुठी राहीन? अन् आमी कुठी जाऊ?"

गोविंदसिंगांनी चष्मा काढून पुसला. "खरं सांगते," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमाले मालूम असंन, असं मले वाटलं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"विचारलं कुठी नीट?" एवढं बोलून ते स्वतःच खजील झाले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "पाच वाजेलोक टाइम हाय. पहिला कागद मागं घेतो म्हनून लेहा, अन् हरकत द्या. मी घेतो."

मित्रांनो, आज मी गुंडाळलेला कपाटावर पडलो आहे. वाळवीनं माझा बाजार खाल्ला, शाळाही अर्धी खाल्ली. त्याचं मला फार दुःख नाही. पण तुमच्या गावाचा नकाशा कुठं टांगलेला असेल, तर त्याचा कोपरा झाकू देऊ नका. रंग पाहून हरखण्याआधी तो कोपरा वाचा. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही वाचून दाखवा.

त्या दिवशी पाचाला अर्धा तास उरला होता. जिनातून बाकीच्या बायांना बोलावायला भागिरथा पळत गेली. जानराव बाकावर खाली मान घालून बसले होते. सगळ्यांचे अंगठे त्यांनीच गोळा केले होते.

वच्छलानं वहीचं मधलं पान काढलं. ती फरशीवर बसली आणि मोठ्या अक्षरात तिनं लिहिलं, 'पहिला कागद मागे घेतो. आमची हरकत आहे.' त्याखाली कुणालाही न विचारता तिनं पहिलं नाव जानरावांचं लिहिलं. मग टेबलावरची शाईची डबी उचलून ती त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि त्यांचा अंगठा तिनं आपल्या हातात घेतला.