औषधाआधीचा नमुना

सर्जेरावांची उपाशीपोटीची साखर दोनशे शहाऐंशी निघाली, तेव्हा तो आकडा अमृतानेच संगणकात भरला. कागदावर नाव नव्हतं. नि-४१ एवढंच होतं. 'नि' म्हणजे निरोगी. कन्नड तालुक्यातले साठ निरोगी लोक तिनेच गावोगाव फिरून गोळा केले होते आणि त्यांतले एक्केचाळिसावे तिचे वडील होते.

शेजारच्या रकान्यात तीन महिन्यांची सरासरी होती, दहा पॉइंट आठ. साडेसहाच्या वर गेली की मधुमेह. तिने नि-४२ चा आकडा भरला, नि-४३ चा भरला, पान संपवलं आणि मग उठून तिच्या मार्गदर्शक चारुता मॅडमच्या खोलीकडे गेली.

अमृता साळवे पीएचडीच्या चौथ्या वर्षाला होती. मुकुंदवाडीत स्टेशनच्या मागे एक खोली भाड्याने घेऊन राहायची. आतड्यातल्या जीवाणूंचा आणि मधुमेहाचा काय संबंध, हा तिचा विषय. पहिलं सबंध वर्ष तिने जगभरचे शोधनिबंध वाचण्यात घालवलं होतं. कुठल्या साली किती निघाले, कुठल्या देशातून निघाले, कशाकडून कशाकडे वळले, याचे तक्ते केले होते. सुरुवातीला सगळे उंदीर होते. मग माणसं आली, चीनमधली, युरोपातली. मधुमेही माणसाच्या पोटात अमुक जीवाणू जास्त, तमुक कमी, असं मोठ्या उत्साहाने छापून आलं. नंतर कुणाच्या तरी लक्षात आलं, की यातला बराचसा फरक रोगाचा नव्हेच, रोगावरच्या गोळीचा आहे. साखरेची रोजची साधी गोळीच पोटातले जीवाणू बदलते. तेव्हापासून सगळ्यांना एकाच प्रकारचा रुग्ण हवा होता: मधुमेह आहे, पण अजून एकही गोळी घेतलेली नाही. असा माणूस सापडणं अवघड, कारण रोग कळला की डॉक्टर त्याच दिवशी गोळी देतात.

"मॅडम, एक्केचाळीस नंबर निरोगी नाही," अमृता म्हणाली आणि कागद पुढे केला.

मॅडमनी चष्मा वर केला. "औषध चालू आहे?"

"नाही. ते कधी दवाखान्यातच गेले नाहीत."

"एकही गोळी नाही? नक्की?"

"नक्की."

"दुसरा नमुना मिळेल? आठ दिवसांच्या अंतराने, औषध सुरू व्हायच्या आत. आपल्याकडे असे दोन-दोन नमुने फक्त चौघांचे आहेत."

"मॅडम, ते माझे वडील आहेत."

मॅडम वाईट बाई नव्हत्या. अमृताची फेलोशिप सात महिने अडकली होती तेव्हा रोज विद्यापीठात फोन करणाऱ्या त्याच होत्या. त्यांनी कागद खाली ठेवला.

"मग तू ठरव," त्या म्हणाल्या. "ही साखर काही आज वाढलेली नाही, वर्षानुवर्षं असणार. आठ दिवसांनी फार फरक पडेल असं मला वाटत नाही. फॉर्मवर आपण पंधरा दिवसांत निकाल कळवू असं लिहिलंय. पण तुला नको वाटत असेल तर सोडून दे. मी काही म्हणणार नाही."

"आठ दिवस चालतील," अमृता म्हणाली.

ती जागेवर येऊन बसली आणि नि-४४ पासून पुढे भरू लागली. आपण काय म्हणालो ते तिला ऐकू आलं होतं. पण ते दुसऱ्या कुणीतरी म्हटल्यासारखं वाटत होतं.

सर्जेराव पिशोरला असायचे. ग्रामपंचायतीत तीस वर्षं पाणी सोडायचं काम करून ते निवृत्त झाले होते, तरी नवा माणूस आला नाही की अजून तेच जायचे. पहाटे निघायचं, या वॉर्डाचा कॉक बंद, त्या वॉर्डाचा चालू, असं पाच-सहा किलोमीटर चालून व्हायचं. खाणं भाकरीचं, अंगावर चरबी नाही. म्हणून तर अमृताने त्यांना निरोग्यांत घेतलं होतं. गेल्या वर्षभरात ते वाळले होते आणि पाणी फार पीत होते, हे तिने पाहिलं होतं. वयामुळे असेल, असं तिला वाटलं होतं. मधुमेहावर तिने चौदाशे निबंध वाचले होते.

पुढच्या शुक्रवारी ती सकाळच्या एसटीने पिशोरला गेली. बर्फाची पेटी आणि शौचाच्या नमुन्याची डबी सोबत होती.

"अजून एक डबी?" सर्जेराव ओट्यावर बसले होते. "लोकाच्या लेकी शहरातून पेढे आणत्यात. मागच्यात काय कमी पडलं व्हतं का?"

"कमी नाय, बाबा. दोनदा घ्यावं लागतं."

"मग माझ्या पोटातले किडे बरे हायेत ना?"

"बघायचंय अजून," ती म्हणाली.

आई, गीताबाई, चुलीपाशी होती. तिने चहा दिला आणि म्हणाली, "त्यांच्या पायाला बघ बरं जरा. मला दावत नायत."

त्यांच्या उजव्या अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं होतं. फडक्यावर पिवळा डाग होता.

"काय झालं, बाबा?"

"काय नाय गं. बाभळीचा काटा गेला असंल चपलेतून. कधी गेला तेबी कळलं नाय. दुखत नाय बिलकुल."

दुखत नाही, हे शब्द तिने ऐकले. मधुमेहात पायाची जाणीव जाते, हे तिने स्वतः लिहिलेल्या पहिल्या प्रकरणात तिसऱ्या पानावर होतं. फडकं सोडून बघायला दोन मिनिटं लागली असती. पण डबी भरून झाली होती, बर्फ विरघळत होता आणि कन्नडची जीप बाहेर हॉर्न वाजवत होती. जीप चुकली तर पुढची दीड तासाने.

"मी उद्या फोन करते," ती म्हणाली. "सोमवारी शहरात यायचंय, डॉक्टरला दाखवायला."

"कशाला?"

"उद्या सांगते."

नमुना दुपारी दोनच्या आत फ्रीझरमध्ये गेला. तिने मॅडमना मेसेज केला. मॅडमनी अंगठा पाठवला.

शनिवारी तिने फोन करून साखरेचं सांगितलं. सर्जेराव म्हणाले, "बरं," आणि फोन गीताबाईंकडे दिला. सोमवारी ते दोघं बसमधून उतरले तेव्हा पाय चपलेत मावत नव्हता. फडकं काढल्यावर ओपीडीतल्या डॉक्टरीणबाईंनी मास्क वर ओढला. अंगठा काळा पडला होता आणि तो काळेपणा शेजारच्या बोटापर्यंत गेला होता. बुधवारी दोन्ही बोटं काढली.

ऑपरेशननंतर अमृताने सर्जनला बाहेर गाठलं. "आठ दिवस आधी आणलं असतं तर?"

"जखम कधीची आहे?"

"माहीत नाही. त्यांनाही माहीत नाही."

"मग मी काय सांगू?" ते म्हणाले. "वाचलीही असती बोटं. नसतीही वाचली. रक्तपुरवठाच कमी आहे."

ती मान हलवून वॉर्डात परत गेली. रडू येईल म्हणून तिने ओढणीचं टोक हातात धरून ठेवलं होतं. ते आलं नाही. जेवणाच्या वेळी ती जेवली. कँटीनमधल्या भाजीत मीठ कमी होतं, हेही तिच्या लक्षात आलं.

चौथ्या दिवशी ती वडिलांच्या खाटेपाशी स्टूल ओढून बसली. गीताबाई पलीकडे संत्रं सोलत होत्या. अमृताने पर्समधून एक छापील कागद काढला.

"बाबा, पहिल्या वेळी रक्त घेतलं ना, त्याच्यात मला कळलं होतं. शुगर हाय म्हणून. मी आठ दिवस सांगितलं नाय."

सर्जेराव छताकडे बघत होते. "का गं?"

"गोळी सुरू झाली की नमुना बिघडतो. गोळीच्या आधीचा पाहिजे होता. असे लोक मिळत नाहीत."

"म्हंजे दुसरी डबी नेली, तवा तुला ठाव व्हतं?"

"व्हय."

गीताबाईंनी संत्रं बशीत ठेवलं आणि हात पदराला पुसले. त्या उठून बाहेर गेल्या.

"ह्या कागदावर सही केली," अमृता म्हणाली, "की तुमचे दोन्ही नमुने फेकून देतात. आकडे काढून टाकतात. तो तुमचा हक्क हाय."

सर्जेरावांनी कागद घेतला नाही. शेजारच्या खाटेवरचा माणूस खोकत होता.

"त्याच्यानं पुढच्याला काय फायदा व्हईल?" त्यांनी विचारलं.

"लगेच नाय. कदाचित वीस वर्षांनी. कदाचित काहीच नाय."

"मंग राहू दे." त्यांनी डोळे मिटले. "फेकून दिल्यावर ते आठ दिस मी कशाला थांबलो म्हणायचं?"

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं अमृताला वाटलं नाही. तिला काहीच वाटलं नाही. तिने कागदाची घडी घातली, नळावर जाऊन पाण्याची बाटली भरून आणली आणि गोळीची वेळ झाली होती म्हणून त्यांना उठवून गोळी दिली.

गीताबाई तिच्याशी बोलेनाशा झाल्या. अमृता दर रविवारी पिशोरला जाऊन ड्रेसिंग करायची. गीताबाई कोमट पाणी आणून ठेवायच्या, कापूस ठेवायच्या आणि चुलीपाशी जाऊन बसायच्या. अमृता वडिलांचे दोन्ही तळवे उलटून बघायची, बोटांच्या मधल्या जागा बघायची. सर्जेराव गावातल्या बातम्या सांगायचे. वॉर्ड तीनचा कॉक गळतो, नव्या पोराला समजत नाय.

दिवाळीनंतर मॅडमनी पुण्याच्या परिषदेत आलेख दाखवले. दोन नमुने असलेले पाचही जण लाल ठिपक्यांत होते. लोकांनी प्रश्न विचारले, एकाने नमुने कसे मिळवले म्हणून कौतुक केलं. मॅडम म्हणाल्या, "हे काम अमृताचं." तिने उभं राहून नमस्कार केला. त्या ठिपक्यांतला वडिलांचा कुठला, हे तिला माहीत होतं.

जानेवारीत कन्नडच्या आठवडी बाजाराच्या दिवशी तिने नव्या तुकडीचं रक्त घेतलं. पारूबाई नावाची लसूण विकणारी एक बाई होती. बोटाच्या थेंबावरच्या तपासणीतच तिची साखर तीनशेच्या पुढे गेली. औषध कधीच नव्हतं. अमृताने तिला टोपल्या शेजारणीकडे सोपवायला लावल्या, चप्पल काढून तळवे पाहिले आणि रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. गोळ्या मिळेपर्यंत ती तिच्याबरोबर रांगेत उभी राहिली.

"दुसरा नमुना?" मॅडमनी संध्याकाळी विचारलं.

"नाही मिळणार. आजच गोळी सुरू केली."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. त्यांनी रकान्यात 'एकच' असं लिहिलं.

घरी जाताना मुकुंदवाडीच्या फाटकाशी मालगाडी जात होती, म्हणून रिक्षा थांबली. आज आपण चांगलं केलं, असं वाटतं का, हे तिने स्वतःला विचारून पाहिलं. डबे एकामागून एक जात राहिले. मग फाटक उघडलं आणि रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, सुट्टे आहेत ना?" तिने हो म्हटलं आणि पर्स उघडली.