जे येतच नव्हतं ते विसरणार कसं?

विठाबाई पगारे नाशिकला महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्या. सावळीराम, त्यांचे यजमान, चार वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून दिवसभर सोबतीला साधना येते. मुलगा संघर्ष पुण्याला असतो, महिन्यातून एकदा येतो. गेल्या खेपेला आईनं त्याला एकच प्रश्न तीनदा विचारला आणि तो घाबरला. सोमवारी तो दोघींना गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या हातात एक फॉर्म दिला. दहा वर्षांपूर्वीच्या मानानं आई किती विसरते, ते घरच्या माणसानं भरायचं होतं. संघर्षनं भराभर खुणा केल्या. समोर बसलेल्या विठाबाईंना कुणी काही विचारलं नाही. त्यांनी हात पुढे करून कागद घेतला, चष्मा लावला आणि वाचू लागल्या. जवळजवळ सगळीकडे ‘खूपच बिघाड’.

“बँकेचे व्यवहार जमत नाहीत, असं लिहिलंयस. ते सगळं तुझे पप्पा बघायचे. मला जे येतच नव्हतं ते मी विसरणार कसं?”

संघर्ष म्हणाला, आई, मी तुझ्या भल्यासाठीच लिहिलंय.

“दहा वर्षांपूर्वी तू बंगळुरूला होतास. रविवारी फोन यायचा, तोही पप्पांना. तेव्हाची मी तुला कुठे माहीत आहे?”

विठाबाईंनी डॉक्टरांना सांगितलं, बाहेर साधना बसलीय, तिलाही विचारा.

साधना आत आली, पण बोलेना. बाईंनीच तिला कुणाला काही सांगू नकोस म्हणून बजावलं होतं.

“आता सांग,” विठाबाई म्हणाल्या. “मला बरं वाटावं म्हणून काही झाकू नकोस.”

साधनानं सांगितलं. दिवाळीपासून बाई बीपीची गोळी कधी कधी दोनदा घेतात, म्हणून पाकीट आता तिच्याकडे असतं. दोनदा त्या आपल्याच गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या होत्या, कुठे वळायचं ते कळेना. यातलं संघर्षला काहीच ठाऊक नव्हतं. विठाबाईंचा चेहरा उतरला, पण त्यांनी मान हलवली. “खरं आहे.”

मग डॉक्टरांनी त्यांचीच परीक्षा घेतली. पाच शब्द सांगून थोड्या वेळानं परत विचारले, त्यातले दोन त्यांना आठवले नाहीत. विसरण्याच्या आजाराची सुरुवात दिसते, डॉक्टर म्हणाल्या, रक्त तपासू, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. पण मुलाच्या खुणांइतकं बिघडलेलं नाही.

संघर्षनं लगेच पुण्याला चल म्हटलं. साधनाला आता बोलवायला नको, असंही म्हणाला.

“मी नाशिक सोडणार नाही, आणि साधनाही कुठे जाणार नाही. तिनं माझं विसरणं झाकलं, ते माझ्या सांगण्यावरून. यापुढे ती तुला सगळं सांगेल, माझ्यासमोर.”

त्यांनी कोरा फॉर्म मागितला. बँकेच्या ओळीपुढे ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘कधीच येत नव्हतं’. ओळखीचे रस्ते सापडण्याच्या ओळीशी पेन थोडा वेळ थांबला. मग ‘बिघाड’वर खूण त्यांनी स्वतःच केली आणि कागद मुलापुढे सरकवला.