पलीकडून धरणारी

आमच्या ह्यांनी मोटरसायकल उचलायचा जॅक घरी आणला तेव्हाच मी म्हटलं होतं, गाडी गॅरेजवाल्याकडे द्या आणि सुखाने पेपर वाचत बसा. पण हे भूगोलाचे मास्तर. जन्मभर पृथ्वी कशी फिरते ते शिकवलं, आता स्वतःच्या हाताने काहीतरी फिरवायची हौस आली होती. जॅक गाडीच्या पोटाखाली सरकवायचा आणि पायाने पॅडल मारत राहायचं, की ते धूड दोन्ही चाकं अधांतरी ठेवून वर यायचं. शेजारीण त्या गाडीला माझी सवत म्हणायची.

हे काम चालायचं घराखालच्या गाळ्यात. वर स्वयंपाकघर, खाली हे. नियम मात्र सगळे माझे, कारण ह्यांच्या अंगात उत्साह भरपूर आणि धीर मुळीच नाही. गाडी वर जाताना पलीकडून कोणीतरी हँडल धरून उभं राहायचं, म्हणजे मीच. पुरेशी वर आली की जॅकचा खटका अडकवायचा, म्हणजे तो आपोआप खाली बसत नाही. मग दोन्ही बाजूंनी पट्टे आवळून गाडी जॅकला जखडायची. पट्टे आवळल्याशिवाय मी हँडल सोडणार नाही आणि ह्यांनी गाडीखाली शिरायचं नाही. हे सगळं होईपर्यंत माझं तोंड काही बंद नसायचं. खटका नीट बसला का, हलवून बघा, तो पट्टा पिळला गेलाय, चष्मा कुठे ठेवलात. हे वैतागायचे. गाडीपेक्षा तुझाच आवाज जास्त, म्हणायचे.

त्या रविवारी सकाळी मी भांडी घासत होते. नळ बंद केला तर खालून ह्यांचं बोलणं ऐकू आलं.

"अजून थोडी तुझ्याकडे घे. हां, बास."

वाटलं, शेजारच्यांपैकी कोणाला तरी पकडलं असेल. हँडल काय, कोणीही धरेल, पण पट्टे कोण बघणार? मी ओल्या हातानेच जिना उतरले.

खाली दुसरं कोणी नव्हतं. गाडी उचललेली होती आणि हे तिच्याखाली उताणे पडलेले. पाय अलीकडे, डोकं इंजिनाखाली. दोन्ही पट्टे सोडून जमिनीवर टाकलेले. जॅकच्या दोन दांड्यांवर ते धूड नुसतं तोललेलं होतं. हे खालून कुठल्यातरी गंजक्या बोल्टला हिसके देत होते, पाना खणखणत होता, आणि गाडी जरासुद्धा हलत नव्हती.

"घट्ट धर हं," हे म्हणाले. "आता जोर लावतोय."

ओरडावं तर हे दचकून उठणार आणि सगळं अंगावर घेणार. मी पाय न वाजवता पलीकडे गेले आणि हँडलच्या मुठी धरल्या. त्या कोमट होत्या. सकाळच्या गारठ्यात बाकी लोखंड थंडगार आणि मुठी तेवढ्या कोमट. मी हँडल किंचित माझ्याकडे ओढून बघितलं, तर तितकाच जोर उलटा लागला. शांतपणे, न घाबरता.

"अहो, बाहेर या," मी शक्य तितक्या साध्या आवाजात म्हटलं. "चहा झालाय."

"आत्ताच तर म्हणालीस, आणखी आत सरका म्हणून."

"आता म्हणतेय ना, बाहेर या."

कुरकुरत हे सरकले. आधी पोट, मग छाती, सगळ्यात शेवटी डोकं. ते उठून उभे राहिले आणि एकदम सगळं वजन माझ्या हातात आलं. मला ते पेलणारं नव्हतंच. मी मागे उडी मारली आणि गाडी माझ्या बाजूला कोसळली. ह्यांचं डोकं होतं तिथली फरशी फुटली.

"सोडलीस कशाला?" हे म्हणाले.

मला रडूच फुटलं. मी वर होते, आत्ता आले, हे परोपरीने सांगितलं. ह्यांना पटेना. पट्टे आड येतायत, काढून टाका, हेही म्हणे मीच सांगितलं होतं.

"तुझा आवाज मी ओळखत नाही का?" हे म्हणाले. "उलट आज बरं वाटलं. एकदाही कटकट केली नाहीस."

हे मात्र मला फार लागलं. जी जिवावर उठली होती ती गोड, आणि मी कटकटी. पण रडता रडताच माझ्या ध्यानात आलं की ह्यातच आम्हा दोघींना ओळखायची खूण आहे.

"नीट ऐका," मी म्हटलं. "यापुढे गाडीखाली असताना जी गोड बोलेल ती मी नाही. जी डोकं खाईल तीच मी."

"मग ओळखायला सोपं आहे," म्हणून हे हसले. जॅक भंगारात द्या म्हणून मी हातापाया पडले, पण ऐकतील तर शपथ.

तेव्हापासून ह्यांना खाली एकटं सोडलं नाही. ह्यांनी पान्याला हात लावला की मी सुरू. घसा बसेपर्यंत बोलायची. इतक्या प्रेमाने नवऱ्याशी कोणी भांडलं नसेल.

मग एका सकाळी वरून दूध उतू गेल्याचा वास आला. पट्टे मी स्वतः आवळले होते, खटका बघितला होता. धावत जाऊन गॅस बंद केला आणि धावतच परत आले. शेवटच्या पायरीवर इतकी धाप लागली की शब्द फुटेना.

हे गाडीखाली होते. एक हात बाहेर काढून पट्ट्याचं बक्कल चाचपडत होते.

"सोडतो गं, सोडतो," हे खालून करवादले. "किती ओरडशील? खटका बघितलाय, चष्मा घातलाय, आणखी काय?"

मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

मी जाऊन त्यांच्या हातावर हात दाबला. "खबरदार पट्टा सोडाल तर," मी म्हटलं. "मी आहे ही."

त्यांनी खालून माझ्याकडे बघितलं. मग मान वळवून पलीकडे बघितलं, हँडल धरणाऱ्याचे पाय जिथे दिसतात तिथे. बराच वेळ तिकडेच बघत राहिले.

"दोघींतली तू कोणती?" त्यांनी हळूच विचारलं.

आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी आपला हात माझ्या हाताखालून काढून घेतला आणि पलीकडचा पट्टा सोडायला नेला.