खांद्यावरचा हात

मामाच्या फोटो स्टुडिओत मेलेल्यांसाठी एकच कोट होता. कॉम्प्युटरमधला, निळा, खिशाला पेन अडकवलेला. फोटोत माणूस बनियनवर असो की गाऊनवर, मामा मुंडकं कापून त्या कोटावर बसवायचा. त्यामुळे आसपासच्या चार गल्ल्यांतली दिवंगत मंडळी एकाच ऑफिसात कामाला असल्यासारखी दिसायची.

कॉलेज सुटलं की काडी तिथे कॉम्प्युटरवर बसायची. ती काडीसारखीच होती. नाव ठेवताना कुणी फार डोकं चालवलं नव्हतं.

बुधवारी दुपारी भोंग्याची आई आली. भोंगा म्हणजे काडीच्या वर्गातली मुलगी. ती हसली की शेजारच्या वर्गाचा तास मोडायचा. तेवीस दिवसांपूर्वी साध्या तापाने गेली. काडीचं तिच्यावर प्रेम होतं आणि तिचं काडीवर, चार महिने. हे तिसऱ्या एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस आता काकूंचा हात धरून दुकानात शिरत होतं. वकील. वर्गातलीच, अर्ध्या मार्कासाठी सरांना रडवणारी.

याच वकिलाने काडीला बजावलं होतं, "त्यांच्या घरी फिरकूसुद्धा नकोस. काकूंनी तिचा फोन उघडलाय, सगळं वाचलंय. तुला बघून भडकतील. मी जाते, मी आहे ना!"

म्हणून काडी तेवीस दिवस गेली नव्हती. स्मशानातही नाही.

"हा मोठा करून द्या," काकूंनी आपल्या मोबाइलवर फोटो दाखवला. भोंगा, तोंड उघडं, डोळे मिटलेले. खांद्यावर एक हात, आणि हाताचा मालक कापून टाकलेला. मूळ फोटोत तिथे कोण होतं, हे काडीला चांगलंच माहीत होतं. काडीच्याच तोंडात तेव्हा अख्खं केळं होतं.

"हात पुसायचा ना?" मामाने विचारलं.

"नको, नको! हा हिचा आहे. फोटोही हिनेच पाठवला." काकूंनी वकिलाला जवळ ओढलं. "जिवाची मैत्रीण. रोज येते. पोरीच्या फोनचं कुलूप काही उघडत नाही, पण ही सांगते ना सगळं, तेवढाच आधार."

वकील भिंतीवरच्या फ्रेमा बघत होती. रिकाम्या फ्रेमा, फारच मन लावून.

"फोन उघडलाच नाही?" काडीने विचारलं.

"नाही गं. तू ओळखायचीस तिला?"

"हात माझा आहे, काकू."

काडीने पंजा स्क्रीनजवळ नेला. कामाच्या पहिल्याच आठवड्यात दुकानातल्या कटरने तिच्या तर्जनीचं अर्धं नख नेलं होतं. फोटोतही अर्धंच होतं. काकूंनी दोन्ही बघितली. मग वकिलाची बघितली. दहाच्या दहा शाबूत.

"काकू, त्या दिवशी माझं नख..." एवढं बोलून वकील आयुष्यात पहिल्यांदा अडकली.

पण काकू काडीकडेच वळल्या. "मग आली का नाहीस? एकदाही?"

उत्तर होतं. पण त्या उत्तरात भोंग्याने आईला न सांगितलेली गोष्ट होती, आणि ती काडीने सांगायची नव्हती.

"कोण होतीस तू तिची?"

"मैत्रीण," काडी म्हणाली.

"असल्या मैत्रिणी!" काकू मामाला म्हणाल्या, "पुसा तो हात."

पुसण्यापेक्षा झाकणं सोपं, म्हणून मामाने कोट घातला. भोंगा बढती मिळालेल्या हेडक्लार्कसारखी हसायला लागली.

काकू गेल्या. वकील मात्र पायरीवर बसून राहिली. काडी बाहेर आली.

"कुलूप उघडलं असतं तर? मी तुला वाचवलं," वकील म्हणाली.

"काय वाचवलंस? मला तिचं तोंडसुद्धा बघू दिलं नाहीस."

वकिलाने आपली नखं मुठीत मिटली. "पहिल्या दिवशी काकूंनी मला मिठी मारली. म्हणाल्या, तूच ना ती, जिच्याबद्दल ती सारखी बोलायची? मी हो म्हटलं. माझ्याबद्दल कधी कुणी सारखं बोललं नव्हतं गं."

"ती सारखी बोलायची? घरी?"

"हो. नाव न घेता."

तिच्या थोबाडीत द्यावी असं काडीला वाटलं. पण अख्ख्या जगात भोंग्याच्या घरात जाऊन आलेली ही एकटीच होती. काडी तिच्यापासून दोन हात लांब, त्याच पायरीवर बसली.

"तिची खोली कशीये?"

"लहान आहे," वकील नाक पुसत म्हणाली. "खिडकीत मोज्यांची दोरी. उशीखाली पट्टी होती, तीस सेंटीमीटरची. का, ते माहीत नाही."

काडीलाही माहीत नव्हतं.

"पुढे सांग," ती म्हणाली. "आणि रडू नकोस. रडायचा नंबर तुझा नाहीये."