नागड्यांचा ठराव

नागड्या माणसाला खिसा नसतो, पण मिजास असते. हार्टमूट विगांड ती पोटावर घेऊन हिंडायचा. तळ्याकाठच्या सूर्यमित्र मंडळाचा तो अध्यक्ष. गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा, पायात रबरी चपला आणि बाकी अंगावर देवाने दिलेलं तेवढंच. अशा थाटात तो वाळूवरून फिरायचा आणि नवख्यांना सभ्यता शिकवायचा. बसायचं ते आपापल्या टॉवेलवर. बोलायचं ते तोंडाकडे बघून. फोटोचं नाव काढायचं नाही. आणि फाटकाच्या आत कुणी कुणाला 'तुम्ही' म्हणायचं नाही. कपड्यांबरोबर आडनाव आणि मानपानही बाहेर खुंटीला टांगायचं. आत सगळे 'तू'. डॉक्टर असो नाहीतर गवंडी, तू म्हणजे तू. हे तो असं सांगायचा, जणू हा शोध त्यानेच लावला होता.

एडेलट्राउट निटश्केला या भाषणाचा वीट आला होता. ती वडिलांच्या खांद्यावर बसून या पाण्यात उतरली तेव्हा ना मंडळ होतं, ना पाटी, ना सभ्यता शिकवणारा अध्यक्ष. तो सगळा मुलूख तेव्हा पूर्व जर्मनीत होता. लोक यायचे, कपडे काढायचे, पोहायचे, बटाट्याचं सॅलड खायचे आणि घरी जायचे. मग भिंत पडली. पश्चिमेकडचे पाहुणे आले, चड्ड्या घालून पाण्यात उतरले आणि यांना बघून नाकं मुरडायला लागले. शेवटी नगरपालिकेने पाण्यात पिवळे गोळे तरंगत सोडून तळ्याची वाटणी केली. अलीकडे नागडे, पलीकडे कपडेवाले.

कायद्याचं म्हणणं तसं साधं होतं. नागडं असणं हा गुन्हा नाही, पण त्याचा लोकांना त्रास झाला तर दंड. या 'त्रास' शब्दावरून हार्टमूट नगरपालिकेत दरवर्षी वाद घालायचा. शरीराने कुणाला त्रास होत नसतो, त्रास बघणाऱ्याच्या डोक्यात असतो, असं तो मूठ आपटून सांगायचा. अर्थात तिथे तो पँट घालून जायचा.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी एडेलट्राउटचा डावा स्तन काढला. गाठ होती, ती गेली. तिच्याबरोबर तोही गेला. राहिला तो काखेपासून मधोमध आलेला लांब व्रण. घरच्या आरशापुढे ती फार वेळ उभी राहत नसे. पण दवाखान्याच्या खाटेवर पडल्या पडल्या तिने एक ठरवून टाकलं होतं, काहीही झालं तरी तळं सोडायचं नाही. तिला हवं होतं ते एवढंच. टॉवेल पसरावा, पाण्यात जावं आणि कुणी तिच्यासाठी म्हणून वेगळं काही करू नये. ते जमलं तर तळ्यावर सगळे जिला ट्राउडे म्हणायचे, ती पूर्वीचीच होती. नाही जमलं तर ती कोण, हे तिला माहीत नव्हतं आणि त्याची तिला भीती वाटत होती.

जूनमधल्या पहिल्या उन्हाच्या रविवारी ती आली. कपडे काढायच्या खोपटात ब्लाउजच्या शेवटच्या बटणाशी तिचा हात बराच वेळ अडला. मग तिने ते काढलं आणि बाहेर पडली.

सभ्य माणसं ती. कुणी बघितलं नाही. इतकं नाही बघितलं की विचारू नका. इतकी वर्षं तिच्याशी तोंडाकडे बघून बोलणारे लोक आज तिच्या कपाळाकडे बघून बोलत होते, तिथे बसचं वेळापत्रक चिकटवलेलं असल्यासारखे. "छान दिसतेस," असं एकीने झाडाला सांगितलं. दुसरीने तब्येत विचारली आणि उत्तर यायच्या आत तिला प्लमच्या केकची आठवण झाली. एडेलट्राउटने नेहमीच्या जागी टॉवेल पसरला, तर शेजारच्यांना अचानक ऊन लागायला लागलं. एकेक टॉवेल सावलीकडे सरकला. तिच्याभोवती एवढी मोकळी वाळू झाली की तिथे मुलांनी चेंडू खेळावा.

दुपारी हार्टमूट आला. मागे त्याची बायको गुड्रून, हातात कागदी पिशवी घेऊन. दोघांनी आधी आपापले टॉवेल अंथरले, मगच बूड टेकलं. नियम म्हणजे नियम.

ताकाला जाऊन भांडं कसं लपवावं ते या दोघांकडून शिकावं. आधी हवेचं झालं. मग पाणी यंदा स्वच्छ आहे ते झालं. मग नगरपालिकेची माणसं या महिन्यात पाहणीला येणार आहेत, आपला काठाचा पट्टा अर्धा करायचा घाट आहे, मंडळात नवी कुटुंबं आली आहेत, असं एकेक करत गाडी रुळावर आली. काही सभासदांना जरा अवघडल्यासारखं होतंय, हार्टमूट म्हणाला. नावं सांगता येणार नाहीत, गुप्ततेचा प्रश्न आहे. तिची बातमी कळल्यावर मागच्याच आठवड्यात कार्यकारिणीची खास बैठक झाली. नियमाला अपवाद करून एका सभासदाला पोहण्याचा पोशाख घालायची मुभा द्यावी, असा ठराव झाला, आणि तोही एकमताने. हे शेवटचं त्याने जरा अभिमानानेच सांगितलं.

गुड्रूनने पिशवीतून पोशाख काढला. निळा, गळ्यापर्यंत बंद, डाव्या बाजूला आतून भरीव. फार महागातला आहे, मंडळातर्फे भेट आहे, असं ती म्हणाली.

एडेलट्राउट त्या निळ्या कापडाकडे बघत राहिली. तिच्या छातीवर बैठक झाली होती. ही सगळी माणसं अंगावर सूत नसताना खुर्च्या मांडून गोल बसली असतील, कुणीतरी विषय मांडला असेल, कुणीतरी अनुमोदन दिलं असेल, आणि मग सगळ्यांचे हात वर. तिला रडू यायला हवं होतं, पण आधी संताप आला.

"कुणाला त्रास होतोय, हार्टमूट?"

"त्रास असं नाही," तो म्हणाला. चष्मा नाकावर चढवला, परत उतरवला. "हे बघा, फ्राऊ निटश्के, तुम्ही गैरसमज करून घेऊ नका."

बोलून गेला. त्याच्या लक्षातही आलं नाही, गुड्रूनच्या आलं. तिने वाळू उकरायला घेतली. फ्राऊ निटश्के, म्हणजे निटश्केबाई. तुम्ही. वाळूवर हा शब्द आजवर कुणी उच्चारला नव्हता, दारुड्याला हाकलतानासुद्धा नाही. व्रण, मोकळी वाळू, ती कपाळं, सगळं एडेलट्राउटने गिळलं असतं. हा शब्द तिच्या घशाखाली उतरेना. एका शब्दात त्याने तिला उचलून फाटकाबाहेर ठेवलं होतं.

ती उठली आणि पोशाख त्याच्या मांडीवर टाकला.

"तू घाल," ती म्हणाली, आसपासच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "तुझं ते पोट मी इतकी वर्षं बघतेय. मला काय कमी अवघडल्यासारखं झालं? पण मी कधी ठराव मांडला नाही."

कुणी हसलं नाही, कुणी तिच्या बाजूनेही बोललं नाही. सगळे आपापल्या टॉवेलवर अत्यंत आदराने गप्प बसून राहिले. उघड्यापाशी नागडं गेलं आणि रात्रभर थंडीने मेलं म्हणतात, ते काही खोटं नाही.

ती पाण्यात शिरली. पाणी गार होतं, व्रणावर चटकन लागलं आणि मग बरं वाटलं. डावा हात पूर्वीसारखा वर जात नव्हता, म्हणून ती सावकाश पोहली. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं. मागे फिरायचं नाही एवढंच ठरलं होतं. पिवळे गोळे आले, ते ओलांडले. पाय लागले तेव्हा समोर आइस्क्रीमची गाडी होती, छत्र्या होत्या आणि कपडे घातलेली माणसं. ती धापा टाकत तशीच बाहेर आली.

दोन-चार माणसांनी मान वळवून पाहिलं. एका आजोबांनी चांगलं नीट पाहिलं आणि पुन्हा आइस्क्रीम चाटायला लागले. नगरपालिकेचा टोपीवाला रखवालदार मात्र लगबगीने आला. त्याने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, व्रणावरूनही त्याची नजर गेली, आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बाई, असं इथे चालत नाही."

"असं म्हणजे कसं?" एडेलट्राउटने विचारलं.

"असं म्हणजे नागडं. दंड होतो."

"फक्त नागडी आहे म्हणून?"

"मग आणखी कशासाठी?" तो वैतागून म्हणाला.

एडेलट्राउटला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. सकाळपासून हा पहिला, ज्याला ती सबंध दिसली होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, तेव्हा रखवालदार गोंधळला. दंडाचं बोलल्यामुळे बाई घाबरली असं त्याला वाटलं. आवाज उतरवून तो म्हणाला, दंड वगैरे काही करत नाही, पण परत जा. मग त्याने हात लांबवून पलीकडचा काठ दाखवला.

"तिकडे जा ना. तिकडे तुमचीच माणसं आहेत. तिकडे चालतं."

"नाही," एडेलट्राउट म्हणाली. "तिकडे नाही चालत."